सुरू न होणारी गाडी

यंत्र बिघडलें कीं मनुष्याचा स्वभाव प्रगट होतो. कोणी यंत्रास लाथ मारतो, कोणी दैवास बोल लावतो, तर कोणी खिशांत हात घालून नवा भाग विकत आणतो. बिघाड कोठें झाला व कां झाला, हें शांतपणें शोधणारा मनुष्य विरळा. गेल्या वर्षीं आमच्या मोटारगाडीनें या विषयाचा जो धडा आमच्यापुढें ठेविला, तो वर्गांतील फळ्यावर मांडण्याजोगा आहे. म्हणून या वार्षिकाच्या पृष्ठांवर तो विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सादर करावा, असें आम्हीं योजिलें आहे. आज बहुतेकांच्या दारीं दुचाकी, मोटार किंवा ट्रॅक्टर यांपैकीं कांहींतरी उभें असतेंच. तेव्हां हा विषय कोणास परका वाटेल असें आम्हांस वाटत नाहीं.

आमचें राहणें न्हावऱ्यास. शिरूर तालुक्यांतील हें गांव शिरूरहून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेलें आहे, आणि या रस्त्यानें पुणें-अहिल्यानगर व पुणें-सोलापूर हे दोन हमरस्ते एकमेकांस जोडले जातात. मुलूख पर्जन्यछायेचा, पाऊस बेताचा. पण नदीकालव्यांच्या पाण्यावर ऊस मात्र मातबर. घोडगंगा सहकारी साखर कारखाना या परिसरांत उभा राहिल्यापासून तर ऊस हा येथील बोलण्याचालण्याचा नित्याचा विषय होऊन बसला. ऊसतोडीच्या दिवसांत रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग, त्यांच्या चाकांबरोबर आलेला चिखल आणि चिखल वाळल्यावर उठणारा धुरळा, हें सर्व गाडीच्या पोटाखालीं जाऊन बसतें. उन्हाळ्यांत पारा चाळिशीला टेकतो. ऊस तुटला कीं शेतांतले उंदीर आसरा शोधीत गांवाकडे वळतात, आणि इंजिनाची ऊब त्यांस मोठी प्रिय असते. गाडीच्या विजेच्या तारांचे जेवढे म्हणून शत्रु आहेत, ते सारे आमच्याकडे असे एकत्र नांदतात.

आमची गाडी लहान, पेट्रोलवर चालणारी, दहा वर्षांची. तिचें दुखणें असें कीं, आठ-पंधरा दिवस ती पहिल्या किल्लीस निमूटपणें सुरू होई. आणि मग एखाद्या दिवशीं, विशेषतः दूरचा प्रवास करून क्षणभर थांबल्यावर, किल्ली फिरवितांच आंतून एकच ‘खट्’ असा आवाज येई, आणि पुढें सर्व शांत. दिवे लख्ख, कर्णा खणखणीत, पण इंजिन फिरावयास तयार नाहीं. दहा मिनिटें थांबून पुन्हां किल्ली फिरविली तर जणूं कांहीं घडलेंच नाहीं अशा थाटांत ती सुरू होई. वैद्य दारांत आला कीं रोग्यास बरें वाटावें, तशी गॅरेजच्या अंगणांत तर ती कधींच अडून बसली नाहीं.

उपचार पुष्कळ झाले. पहिल्या कारागिरानें बॅटरी जुनी झाली म्हणून नवी बसविली. तीन आठवडे सुखाचे गेले. पुढें ‘खट्’ परत आलें. दुसऱ्या कारागिरानें स्टार्टर, ज्यास आपल्याकडे सर्रास ‘सेल्फ’ म्हणतात, तो उतरवून फरशीवर ठेविला व बॅटरीच्या तारा लावल्या. सेल्फ गरगर फिरला! तरीही त्यांतील कार्बन झिजले असतील या तर्कानें ते बदलण्यांत आले. महिनाभर आराम पडला. तिसऱ्यानें रिले बदलला. असे नऊ-दहा हजार रुपये खर्ची पडले, आणि दुखणें होतें तेथेंच राहिलें. प्रत्येक वेळीं थोडे दिवस गुण येत असे, ही त्यांतील सर्वांत फसवी गोष्ट होती. तिच्याकडे पुढें वळूं.

डिसेंबरांतील एका रात्रीं अकराच्या सुमारास शेजारचे एक वृद्ध गृहस्थ, ज्यांना सारी आळी आबा म्हणते, छातींत कळ येऊन घामाघूम झाले. गांवांतील डॉक्टरांनीं तपासून विलंब न लावतां शिरूरला हलविण्यास सांगितलें. रुग्णवाहिका दुसऱ्या रोग्यास घेऊन गेलेली होती. आबांना आमच्या गाडींत मागच्या आसनावर निजविलें, त्यांचा मुलगा उशाशीं बसला, आणि आम्हीं किल्ली फिरविली. ‘खट्.’ पुन्हां किल्ली, पुन्हां ‘खट्.’ तिसऱ्यांदांही तेंच. शेवटीं मुलगा उतरला, आळींतले चौघे धांवत आले, गाडी उतारावर ढकलीत नेली, दुसरा गियर टाकून क्लच सोडला, तेव्हां कोठें इंजिनानें दम धरला. आबा वेळेवर पोंचले व पुढें आठ दिवसांनीं चालत घरीं आले. त्यानंतर त्यांची सून आमच्या घरीं आली असतां सहज बोलून गेली, “गुरुजी, तुमची गाडी दारांत उभी आहे म्हणून आम्ही दुसरी बघायलाच गेलों नाहीं त्या रात्रीं.” तिच्या बोलण्यांत दोष देण्याचा लवलेशही नव्हता. परंतु तें वाक्य आमच्या मनांतून गेलें नाहीं. दारांत गाडी नसती, तर त्या कुटुंबानें दुसरी सोय पाहिली असती. ज्या वस्तूवर लोक विसंबून राहतात, ती वेळीं-अवेळीं दगा देणारी असणें, हें ती मुळींच नसण्याहून अधिक वाईट. यापुढें एकही भाग कारण समजल्यावांचून बदलावयाचा नाहीं, असें आम्हीं ठरविलें.

आतां हा सेल्फ म्हणजे काय, तें थोडक्यांत पाहूं. एके काळीं मोटारीच्या पुढच्या बाजूनें हॅंडल घालून इंजिन हातानें फिरवावें लागे. इंजिनानें उलट हिसका दिला कीं मनगट मोडे. म्हणून हॅंडल धरतांना अंगठा मुठीच्या विरुद्ध बाजूस न ठेवतां बोटांच्याच बाजूस ठेवावा, अशी ताकीद नवशिक्यांस देत. ही आपत्ति ज्यानें टाळली तो अमेरिकन यंत्रज्ञ चार्ल्स केटरिंग. तरुणपणीं तो ओहायो संस्थानांतील खेड्यांत शाळामास्तर होता, आणि डोळ्यांच्या दुखण्याशीं झगडत त्यानें १९०४ सालीं पदवी मिळविली, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें. दुकानांतील पैशांच्या पेटीचें यंत्र विजेवर चालविण्यासाठीं त्यानें पूर्वीं एक लहान मोटर योजिली होती. जें काम क्षणभरच करावयाचें, त्यासाठीं मोठी मोटर नको. लहान मोटरीवर थोडा वेळ भारी ओझें टाकलें तरी चालतें, हें त्यांतलें मर्म. तेंच त्यानें मोटारगाडीस लावलें, आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्या विजेनें सुरू होऊं लागल्या. फोर्डच्या प्रसिद्ध ‘टी’ मॉडेलास ही सोय १९१९ सालीं मिळाली.

आजच्या गाडींतही व्यवस्था मूलतः तीच आहे. आपण किल्ली फिरवितों तेव्हां एका बारीक तारेंतून अल्प प्रवाह सोलेनॉईड नांवाच्या चुंबकाकडे जातो. तो चुंबक दोन कामें करतो: सेल्फचें लहान दांत्यांचें चाक पुढें ढकलून इंजिनाच्या फ्लायव्हीलच्या मोठ्या चाकांत अडकवितो, आणि त्याच झटक्यांत तांब्याचे दोन जाड संपर्क जोडून बॅटरीचा मोठा प्रवाह मोटरींत सोडतो. हा प्रवाह लहान गाडींतही शंभर-दीडशें अँपिअर किंवा त्याहून अधिक असतो. घरांतील दिव्यास त्याचा शंभरावा हिस्साही लागत नाहीं. शिवाय ज्या प्रवाहास जाण्यास वाट लागते, त्यास परत येण्यासही वाट लागते. मोटारींत परतीची ही वाट तारेची नसून लोखंडाची असते: सेल्फच्या कवचांतून इंजिनांत, इंजिनांतून तांब्याच्या विणलेल्या पट्टीनें गाडीच्या सांगाड्यांत, आणि तेथून बॅटरीच्या ऋण टोकास. हिला कारागीर ‘अर्थिंग’ म्हणतात. जाण्याच्या वाटेकडे सर्वांचें लक्ष असतें. परतीच्या वाटेची आठवण फारच थोड्यांस राहते.

न सुरू होणारी गाडी मुकी नसते. तिच्या आवाजास अर्थ असतो. किल्ली फिरविल्यावर कांहींच आवाज आला नाहीं व दिवे तेजस्वी असले, तर दोष बहुधा किल्लीच्या खटक्यांत, रिलेमध्यें किंवा बारीक तारेंत असतो. उंदरांचा पराक्रमही येथेंच दृष्टीस पडतो. ‘कट्कट्कट्’ असा भराभर आवाज आला, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिचें टोक सैल आहे असें समजावें: चुंबक ओढतो, प्रवाह मोटरीकडे जातांच दाब कोसळतो, चुंबक सुटतो, दाब परत चढतो, आणि हा खेळ चालू राहतो. एकच ‘खट्’ झालें, तर चुंबकानें आपलें काम केलें, परंतु मोटरीस पुरेसें बळ मिळालें नाहीं, किंवा ती स्वतःच दुबळी झाली आहे. सेल्फ भिरभिरला पण इंजिन हललें नाहीं, तर त्याचें चाक फ्लायव्हीलमध्यें अडकत नाहीं. खरखराट झाला तर दांते झिजलेले. आणि इंजिन जोमानें फिरत असूनही पेट घेत नसेल, तर सेल्फ बिचारा निर्दोष आहे. दोष पेट्रोलांत किंवा ठिणगींत शोधावा. आणखी एक खूण आहे. दिवे लावून ठेवावे व मग किल्ली फिरवावी. दिवे एकदम मंदावले, तर बॅटरीचा किंवा तिच्या टोकांचा संशय घ्यावा. जसेच्या तसे राहिले, तर मोटरींत प्रवाह जातच नाहीं असें समजावें.

आमच्या गाडीचें दुखणें एका ‘खट्’चें. तेवढ्यानें निर्णय होईना, म्हणून प्रयोगशाळेंतील मल्टिमीटर घेऊन एका शनिवारीं शाळा सुटल्यावर दहावींतील चार विद्यार्थ्यांसह आम्ही मैदानाच्या कडेस बसलों. तारांचा रोध मोजूं या, अशी एकाची सूचना होती. ती ऐकण्यास सरळ, पण येथें निरुपयोगी. कारण हा रोध इतका अल्प असतो कीं साध्या मल्टिमीटरास तो दिसतच नाहीं. परंतु ओहमचा नियम येथें साहाय्यास येतो. रोध अवघा एकशतांश ओहम असला, तरी दीडशें अँपिअर प्रवाह वाहतांना त्यावर दीड व्होल्ट खर्ची पडतो. म्हणून सेल्फ फिरत असतांनाच, वाटेंत दाब कोठें गळतो तें मोजावें, हा मार्ग खरा.

गाडी न्यूट्रलमध्यें ठेवून हातब्रेक ओढला, आणि इंजिन पेटूं नये म्हणून पेट्रोलपंपाचा फ्यूज काढून ठेविला. कोणीही पट्ट्याजवळ व पंख्याजवळ हात नेणार नाहीं, असें प्रथम बजाविलें. एकानें किल्ली फिरवावयाची, दुसऱ्यानें मीटर धरावयाचा, तिसऱ्यानें आंकडा वाचावयाचा व चौथ्यानें तो वहींत टिपावयाचा, अशी वांटणी झाली. स्वस्थ बॅटरीचा दाब १२.६ व्होल्ट भरला, म्हणजे ती पूर्ण भारलेली. सेल्फ फिरतांना तो १०.९ झाला. अशा वेळीं ९.६ च्या खालीं गेला तर बॅटरी दुबळी मानतात. तेव्हां बॅटरी निर्दोष ठरली. मग बॅटरीचें धन टोक व सेल्फचें टोक यांमधील तूट पाहिली: ०.३. अर्ध्या व्होल्टाच्या आंत असल्यानें तीही योग्य. शेवटीं मीटरची एक सळई बॅटरीच्या ऋण टोकास व दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूस लावली. आंकडा वाचणारा मुलगा थबकला. “सर, एक पूर्णांक आठ!” तेथें ०.२ हून अधिक असावयास नको होतें. ज्याचे वडील विहिरींवरील मोटरी दुरुस्त करतात असा एक विद्यार्थी त्यांत होता. त्यानें कोणी न सांगतां दुसरी सळई इंजिनावरून उचलून गाडीच्या सांगाड्यास लावली. तेथें तूट अवघी ०.१. म्हणजे बॅटरीपासून सांगाड्यापर्यंतची वाट स्वच्छ होती, आणि सांगाडा व इंजिन यांच्या मध्यें १.७ व्होल्ट हरवत होते. त्या दोहोंमध्यें एकच वस्तु होती: ती तांब्याची पट्टी.

पट्टी सोडविली. वरून ती धड दिसत होती; परंतु बोल्टाखालीं गंज आणि वाळलेला चिखल यांचा थर जमलेला, तांबें हिरवें पडलेलें, आणि विणीच्या बऱ्याच तारा तुटून उरलेल्यांवर सारा भार आलेला. इंजिन तापलें कीं तांब्याचा रोध वाढतो; साठ अंशांच्या फरकानें तो जवळ जवळ चतुर्थांशानें अधिक होतो. शिवाय इंजिनाच्या कंपानें त्या तारा कधीं बऱ्या टेकत, कधीं नाहीं. दुखणें लहरी कां होतें, याचा उलगडा असा झाला. नवी पट्टी आणली, बोल्टाची जागा तारेच्या ब्रशानें व पॉलिश पेपरानें चकचकीत केली, पट्टी घट्ट बसवून वर पेट्रोलियम जेली लावली. एकूण खर्च अडीचशें रुपयांच्या आंत. पुन्हां मोजतां तूट ०.२ भरली. त्यास आज नऊ महिने होत आले, आणि ‘खट्’ पुन्हां ऐकूं आलेलें नाहीं.

आतां पूर्वींच्या उपचारांचा गुण थोडे दिवस कां येत असे, हें पाहण्यासारखें आहे. नवी बॅटरी जोमदार असल्यामुळें खराब वाटेनेंही ती कांहीं काळ काम रेटून नेई. सेल्फ उतरवून बसवितांना आसपासच्या तारा हालत, गंजाचा थर थोडा खरवडला जाई, आणि श्रेय मात्र नव्या कार्बनास मिळे. फरशीवर सेल्फ गरगर फिरला याचें कारणही हेंच: तेथें बॅटरीच्या तारा थेट त्याच्या कवचास लावलेल्या होत्या, आणि अपराधी पट्टी त्या परीक्षेस बसलीच नव्हती! कारागीर अप्रामाणिक होते असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं. परंतु ‘उपाय केला आणि बरें वाटलें’ एवढ्यावरून उपाय खरा ठरत नाहीं, हें विद्यार्थ्यांनीं आपल्या वहींत जाड अक्षरांत लिहून ठेवावें. औषध, शेती व अभ्यास या तिन्ही ठिकाणीं हें सूत्र त्यांस उपयोगी पडेल.

पालकांच्या सोयीसाठीं दोन शब्द प्रतिबंधाविषयीं. बॅटरीचीं टोकें दर दोन-तीन महिन्यांनीं उघडून पाहावीं. पांढरा किंवा हिरवट थर दिसल्यास कोमट पाण्यांत खाण्याचा सोडा कालवून त्यानें धुवावा; तें पाणी बॅटरीच्या आंत जाऊं देऊं नये. टोकें सोडतांना ऋण टोक प्रथम सोडावें व जोडतांना शेवटीं जोडावें, म्हणजे पाना चुकून सांगाड्यास लागला तरी ठिणगी उडणार नाहीं. बॅटरींतून हायड्रोजन वायु निघत असतो, हें विसरूं नये. जिच्यांत पाणी घालावें लागतें अशा बॅटरींत शुद्ध ऊर्ध्वपातित पाणीच घालावें. आपल्याकडील उष्म्यानें बॅटरीचें आयुष्य घटतें. साधारण तीन ते पांच वर्षांत ती थकते. इंजिन चालू असतां बॅटरीवरील दाब पावणेचौदा ते साडेचौदा व्होल्ट असावा; कमी असल्यास भारणारें यंत्र तपासावें, नवी बॅटरी घेऊं नये. रोज दोन-तीन मैलच गाडी हांकणाऱ्यांनीं आठवड्यांतून एकदां तरी लांबची फेरी करावी. सेल्फ एका वेळीं दहा सेकंदांहून अधिक फिरवूं नये, आणि दोन प्रयत्नांमध्यें मिनिटभर विसावा द्यावा. केटरिंगची ती लहान मोटर क्षणभराच्या कामासाठींच आहे, हें स्मरावें. धक्का मारून गाडी सुरू करणें हा संकटांतील उपाय होय, नित्याचा नव्हे. स्वयंचलित गियरच्या गाडीस तो लागूच पडत नाहीं, आणि वारंवार केल्यास न जळलेलें पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या नळीस अपाय करतें. ऊसतोडीच्या हंगामांत आठवड्यास एकदां बॉनेट उघडून उंदरांच्या खुणा पाहाव्या. आणि इंजिनास सांगाड्याशीं जोडणारी पट्टी वर्षांतून एकदां, शक्यतों पावसाळा सरल्यावर, सोडवून घासून पुन्हां बसवावी.

यांतील एकाही कामास मोठी विद्या लागत नाहीं. एक पाना, एक तारेचा ब्रश, थोडा सोडा आणि बाजारांत कोठेंही मिळणारा साधा मल्टिमीटर एवढी सामग्री पुरे. जें स्वस्त व हाताशीं आहे तें प्रथम तपासावें, महाग भाग शेवटीं बदलावा. आणि तपासतांना आंकडा लिहून ठेवावा, कारण स्मरणशक्ति आपल्या सोयीचें तेवढेंच सांगते.

ती जुनी पट्टी आम्हीं फेंकून दिलेली नाहीं. विज्ञानाच्या खोलींतील कपाटांत दुसऱ्या फळीवर, त्या शनिवारच्या वहीच्या पानासह ती ठेविलेली आहे. ज्या विद्यार्थ्यास किंवा पालकास पाहावयाची असेल, त्यानें मधल्या सुटींत अवश्य यावें. येतांना आपल्या गाडीची किल्ली आणली तर अधिकच बरें. मीटर तयार आहे, आणि आंकडा वाचावयास चौघेजण उत्सुक आहेत.